आतड्याची राखण

पावसाच्या दिवसांत राधानगरीत संध्याकाळच्या वेळी एवढी माणसं भाषण ऐकायला येतील, असं आम्हाला खरंच वाटलं नव्हतं. बाहेर फलकावर विषय लिहिलाय 'श्लेष्मल ऊती आणि आतड्यातली रोगप्रतिकारशक्ती'. तो वाचून दारातच एका मामांनी आम्हाला अडवलं. म्हणाले, "डॉक्टर, प्रतिकारशक्ती रक्तात असत्या न्हवं? मग ह्यात आतडं कुठनं आलं?"

आम्ही दोघं आहोत, आणि आज आळीपाळीनं बोलणार आहोत. पण दोघांचंही सगळं बोलणं म्हणजे मामांच्या या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवात दवाखान्यातून न करता गोठ्यातून करू, कारण तिथलं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

म्हैस व्याली की रेडकाला चीक पाजायची घाई करतात. का? वार पडायची वाट बघू नका, तास-दोन तासांत पाजा, असं जनावरांचे डॉक्टरही सांगतात. कारण असं की गाई-म्हशीची वार आईच्या रक्तातली प्रतिपिंडं पोटातल्या पिल्लाकडे जाऊ देत नाही. प्रतिपिंडं म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिनं. म्हणजे वासरू किंवा रेडकू जन्माला येतं ते जवळजवळ कोऱ्या रक्ताचं. ती सगळी शिदोरी चिकात असते. आणि गंमत बघा, नव्या जन्मलेल्या वासराचं आतडं पहिले साधारण २४ तास जरा 'उघडं' असतं. चिकातली प्रतिपिंडं न पचता, सबंधच्या सबंध, आतड्यातून रक्तात उतरतात. तासागणिक हे दार मिटत जातं. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी रक्तात फारसं काही जात नाही.

जाता जाता खरवसाचं सांगतो. साधं दूध तापवलं की थिजत नाही, चीक थिजतो. कारण त्यात उष्णतेनं घट्ट होणारी प्रथिनं भरपूर असतात, आणि त्यातली बरीचशी म्हणजे हीच प्रतिपिंडं. पहिल्या धारेचा खरवस सुरीनं कापावा इतका घट्ट होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा होत नाही, याचं कारण तेच. आपण खातो ती रेडकाच्या वाट्याची लस असते म्हणा ना. जास्तीच्या चिकाचा करा, आमचं काही म्हणणं नाही. पण आधी रेडकाचं पोट.

आता माणसाकडे येऊ. माणसाची वार वेगळी. ती प्रतिपिंडं पलीकडे जाऊ देते, विशेषतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतःच आईची प्रतिपिंडं रक्तात घेऊन येतं. मग बाईच्या चिकाला काय काम उरलं? पुष्कळ घरांत अजून तो 'जड असतो' म्हणून पिळून टाकतात, आणि बाळाला मध चाटवतात. बाळाच्या रक्तात प्रतिपिंडं आलेलीच असतील, तर चीक टाकला म्हणून बिघडलं कुठं?

बिघडतं. बाईच्या चिकातली प्रतिपिंडं वेगळ्या जातीची असतात. त्यांना आयजीए म्हणतात. ती बाळाच्या रक्तात जवळजवळ जातच नाहीत. ती आतड्यातच राहतात, आतून लेप लावल्यासारखी. रक्तात न जाताच ती आपलं काम करतात. मामा, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथं आहे. शरीराला दोन राखणी आहेत. एक आत, रक्तात. दुसरी उंबऱ्यावर, आतड्याच्या अस्तरावर. दोघींचं शिक्षण वेगळं, हत्यारं वेगळी. एकीला शिकवलं म्हणून दुसरीला आपोआप येतं असं नाही.

हे अस्तर कसं असतं ते बघू. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जी नळी आहे तिच्या पोकळीत जे असतं, ते खरं तर अजून शरीराच्या 'बाहेर'च असतं. गिळलेला घास अस्तर ओलांडेल तेव्हाच आपला होतो. या अस्तराच्या घड्या, घड्यांवर बोटांसारखे बारीक उंचवटे, त्या उंचवट्यांवर आणखी बारीक कुंचले. सगळं पसरून मोजलं तर साधारण ३० चौरस मीटर भरतं. पुस्तकांत 'टेनिसच्या मैदानाएवढं' असं वाचायला मिळतं, ते जुनं मोजमाप आहे. नव्या हिशोबानं आपल्याकडच्या घराच्या मोठ्या सोप्याएवढं म्हणा. आणि एवढ्या मोठ्या भिंतीची जाडी किती? एका पेशीची. कातडीसारखे थरावर थर नाहीत. थर असते तर अन्न आत कसं शोषलं गेलं असतं? म्हणजे आतड्यापुढं पेच असा आहे की दार उघडं ठेवायचं आणि चोर आत येऊ द्यायचा नाही. त्यात माणसाच्या शरीरात जिवाणूंची संख्या अंदाजे ३८ लाख कोटी, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. यातले बरेच उपयोगाचे, पण तेही आत शिरलेले चालत नाहीत.

पहिला बंदोबस्त बुळबुळीत आहे. अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्या सतत श्लेष्मा सोडतात. आमांश झाला की आपण म्हणतो 'आव पडते'. ती आव म्हणजे हाच थर, जास्त प्रमाणात सुटलेला. निरोगी माणसातही तो असतो, फक्त दिसत नाही. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. बाहेरच्या सैल पदरात जिवाणू राहतात आणि आतल्या घट्ट पदरात त्यांना जवळजवळ शिरकाव नसतो. लोक आव म्हटलं की तोंड वाकडं करतात. ती नसती तर आतडं सुजून गेलं असतं. दुसरा बंदोबस्त म्हणजे अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. जुन्या झडतात, तळातून नव्या वर येतात. म्हणून साध्या जुलाबात अस्तराचं नुकसान झालं तरी आठवड्याभरात ते बरंचसं भरून येतं, शरीरात भरायला सामान असेल तर. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

तिसरा बंदोबस्त शिकलेल्या पेशींचा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तराखाली जागोजाग चट्टे असतात. योहान पेयर या स्विस माणसानं १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पेयरचे चट्टे म्हणतात. ते कशासाठी असतात हे कळायला पुढं जवळजवळ तीनशे वर्षं लागली. या चट्ट्यांवरच्या अस्तरात काही खास पेशी असतात. त्या आतड्यात काय चाललंय त्याचे नमुने उचलून खाली पोचवतात. पोलिसपाटलानं गावात नवीन कोण आलंय याची खबर द्यावी तसं. खाली बसलेल्या पेशी तो नमुना बघून शिकतात, मग रक्तातून एक फेरी मारून परत आतड्याच्या अस्तरात येऊन बसतात आणि आयजीए तयार करू लागतात. शरीरातल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींपैकी निदान ८० टक्के आतड्यात असतात. हा आकडा आम्ही विद्यार्थी असताना पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हालाही खरा वाटला नव्हता.

या पेशींना परतीची वाट कशी सापडते? आतड्यात शिकताना त्यांच्या अंगावर एक पत्ता लिहिला जातो, आणि तो लिहायला जीवनसत्त्व 'अ' लागतं. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलाला त्याचे डोस देतात ते फक्त डोळ्यांसाठी, असं बरेच जण समजतात. ते आतड्यासाठीही आहेत.

आणि गरोदर बाईच्या शरीरात यातल्या काही पेशी आणखी एक वाट धरतात, स्तनांकडे. आईच्या आतड्यानं ज्या जंतूंची ओळख करून घेतली, त्यांच्याविरुद्धची आयजीए दुधात उतरते. त्याच घरातले, त्याच पाण्यातले, त्याच गावातले जंतू. डब्यातल्या दुधाच्या पावडरीत हे कुठून येणार? म्हणून आईला जुलाब लागले तरी, बाळाला लागले तरी, अंगावर पाजणं थांबवायचं नाही. "आईचं दूध बाधलं" म्हणून ते तोडलेली बाळं आम्ही पाहिली आहेत. ज्या आठवड्यात ते सगळ्यात जास्त हवं असतं त्याच आठवड्यात ते बंद केलेलं असतं.

आयजीए करते काय? फार मारामारी करत नाही. जंतूला वेढते, चारदोन जंतूंना एकमेकांना चिकटवते, आवेत अडकवते आणि शौचातून बाहेर घालवते. दाजीपूरच्या बाजूला शेतात गवा शिरला की राखणदार डबे वाजवून त्याला हाकलतो, उभं पीक पेटवून देत नाही. रक्तातल्या राखणीची पद्धत जास्त जहाल असते. ती सूज आणते, ताप आणते. आत शिरलेल्या शत्रूसाठी ते ठीक. पण रोज घासागणिक परकी प्रथिनं येणाऱ्या जागी तसं करून चालेल का? भात, डाळ, मासा, सगळं परकंच. तरी आतडं त्यावर भडकत नाही. 'याच्याशी भांडायचं नाही' हेही ते शिकतं, आणि त्याचं बरंचसं बळ या न भांडण्यात जातं.

पण या चट्ट्यांचा एक धोकाही आहे. टायफॉईड, आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणायचे तो, त्याचा जंतू नेमका याच खबऱ्या पेशींतून आत घुसतो. पोलिसपाटलाच्याच घरातून चोर गावात! मग पेयरचे चट्टे सुजतात, आणि औषध मिळालं नाही तर साधारण तिसऱ्या आठवड्यात तिथं व्रण होऊन आतड्याला भोक पडू शकतं. जुन्या बायका मुदतीच्या तापात महिनाभर पेज देत आणि चपातीचा तुकडा देत नसत, त्याच्या मागं ही भीती होती. आता वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर इतकी उपासमार करायची गरज नाही.

आता दोन राखणींचं शिक्षण वेगळं, याचा पुरावा देतो. तो आपल्याच देशाच्या इतिहासात आहे.

तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना पटकीची सुई आठवत असेल. जत्रा-वारीच्या काळात दंडात टोचायचे, हात सुजायचा, ताप यायचा. हाफकिन यांनी १८९२ मध्ये ती लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी भारतात आणली. त्या काळाच्या मानानं मोठंच धाडस. पण तिचा उपयोग जेमतेम निम्म्या लोकांना, आणि तोही काही महिने. कारण पटकीचा जंतू रक्तात शिरतच नाही. तो आतड्याच्या पोकळीत, अस्तराला चिकटून बसतो, तिथूनच विष सोडतो आणि शरीरातलं पाणी उपसतो. सुईनं शिकवलेली राखण रक्तात. चोर मात्र उंबऱ्यावर बसलेला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी या सुईची अट काढूनच टाकली. पुढं पटकीची तोंडानं घ्यायची लस आली. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून ६० हजारांहून जास्त लोकांवर तिची चाचणी झाली, आणि पाच वर्षांपर्यंत साधारण ६५ टक्के संरक्षण मिळालं. जंतू तोच. फक्त राखण योग्य जागी शिकवली.

पोलिओचं तर याहून स्पष्ट आहे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, आणि थोड्याच मुलांत पुढं मज्जारज्जूपर्यंत जातो. सुईची लस रक्तात प्रतिपिंडं तयार करते. विषाणू मज्जातंतूंकडे जाताना ती त्याला अडवतात. म्हणजे मूल अपंग होत नाही. पण विषाणू त्याच्या आतड्यात वाढतच राहतो आणि शौचातून गटारात जातो. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये हेच झालं. तिथं जवळजवळ सगळ्या मुलांना सुईची लस दिलेली. एकही मूल लुळं पडलं नाही, आणि तरी सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू महिनोन्‌महिने सापडत राहिला. शेवटी त्यांना मुलांना तोंडावाटे थेंब द्यावे लागले. थेंबांची लस आतड्यालाच शिकवते. आपल्याकडे 'दो बूंद' म्हणून हिणवलेली ती लस नेमकी त्या कारणानं निवडली होती.

मग आपल्याला इतक्या फेऱ्या का घ्याव्या लागल्या? "कितीदा पाजताय त्याच पोराला?" हे पोलिओ रविवारी प्रत्येक आशाताईनं ऐकलेलं वाक्य. त्याचं उत्तर असं की आपल्या मुलांच्या आतड्यात हे थेंब नीट रुजत नव्हते. वेल्लोरला टी. जेकब जॉन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की पाश्चात्य देशांत तीन डोसांत होणारं काम इथं होत नाही. पुढच्या अभ्यासात उत्तर प्रदेशात एका डोसाचा परिणाम उरलेल्या भारताच्या निम्म्याहून कमी निघाला. तरी फेऱ्यांमागून फेऱ्या करून आपण ते निभावलं. देशातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. आता आपण थेंब आणि सुई दोन्ही देतो, आणि त्यातही एक छान गोष्ट निघाली. मुरादाबादच्या चाचणीत दिसलं की आधी थेंब घेतलेल्या मुलाला नंतर सुई दिली की आतड्यातली जुनी आठवण परत जागी होते. आतड्याला एकदा शिकवलेलं असलं, तर सुई त्याची उजळणी घेते. पहिला धडा मात्र आतड्यातच व्हावा लागतो.

आता आजच्या विषयाचा आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. थेंब आपल्याकडे नीट का रुजत नाहीत?

रोटाव्हायरस घ्या. लहान मुलांच्या जोरदार जुलाबांचं हे एक मोठं कारण. हा विषाणू आतड्याच्या बोटांची टोकंच खातो. आपली लस दिल्लीच्या एम्समध्ये सापडली, म्हणजे अक्षरशः सापडली. नवजात बाळांच्या कक्षात काही बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग झाला होता पण जुलाब नव्हते, आणि नंतरही त्यांना संरक्षण मिळत होतं. त्या सौम्य विषाणूपासून लस झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू अशा तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. २०१४ मध्ये निकाल आला. गंभीर आजारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण. त्याच रोगाच्या परदेशी लशी अमेरिका-युरोपात ८५-९० टक्क्यांच्या वर काम करतात. मग आपली लस हलकी आहे का? नाही. ती परदेशी लससुद्धा आफ्रिकेत मलावीला नेली तेव्हा ४९ टक्क्यांवर आली. फरक बाटलीत नाही, पोटात आहे.

कारणं एकाहून जास्त आहेत. त्यातलं एक आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचा संबंध तुमच्या-आमच्या नळाशी आहे. १९६०च्या दशकात ढाक्याला काही तरुण अमेरिकन स्वयंसेवक कामाला आले होते. धडधाकट मुलं-मुली. काही महिने तिथं राहिल्यावर त्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तर बोटांसारखे उंचवटे आखूड, बोथट झालेले, अस्तर सुजकट, आणि अन्न शोषण्याची ताकद कमी झालेली. त्यातल्या अनेकांना काही जाणवतही नव्हतं. घरी परतल्यावर काही महिन्यांत ते पूर्ववत झालं. म्हणजे हा वंशाचा किंवा रक्ताचा दोष नव्हता. रोज थोडी थोडी विष्ठा पोटात जाणं, याचा तो परिणाम होता. स्पष्ट शब्द वापरल्याबद्दल माफ करा, पण ते तसंच आहे.

असं आतडं सतत लढाईच्या तयारीत असतं. अस्तरातून गळती होते, सूज टिकून राहते, खाल्लेल्यातलं बरंच त्या सुजेवरच खर्च होतं. मूल जेवतं तरी अंगाला लागत नाही. आणि अशा गदारोळात लशीचा सौम्य, निरुपद्रवी विषाणू आला की त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो. शाळेबाहेर रोज वाजंत्री असेल तर वर्गात काय शिकवून होणार?

म्हणून लस घेऊ नये का? उलट. हिशोब करून बघा. समजा एका ठिकाणी हजारात १० बाळांना गंभीर जुलाब होतात आणि लस ९० टक्के काम करते. ९ बाळं वाचली. दुसरीकडे हजारात १०० बाळांना होतात आणि लस ५४ टक्केच काम करते, ५४ वाचली. कमी टक्क्यांची लस जास्त बाळं वाचवते, कारण तिथं रोगच जास्त. महाराष्ट्रात २०१९ पासून ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. आमचं म्हणणं एवढंच की उरलेल्या ४६ बाळांसाठी बाटलीकडे नाही, पाण्याकडे बघावं लागेल.

आणि पाण्याचं काम अर्धवट करून भागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ च्या सुमारास आले. घरोघरी संडास, हात धुवायची सोय, पाण्यात क्लोरीन. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण मुलांची वाढ तिन्ही ठिकाणी सुधारली नाही. आम्ही ते निकाल वाचून दोन दिवस गप्प होतो. त्याचा आम्ही लावलेला अर्थ असा की एका घरानं स्वच्छ होऊन पुरत नाही. शेजारचं गटार, अंगणातली कोंबडी, वाहणारा ओढा, हे सगळं त्या बाळाच्या तोंडाशी जोडलेलं आहे.

राधानगरीकरांना हे जोडलेपण वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी इथं भोगावती अडवायला घेतली. इथून सुटलेलं पाणी खाली कुंभी, कासारी, तुळशीला भेटत प्रयाग चिखलीला पंचगंगा होतं, मग कोल्हापूर, इचलकरंजी, नृसिंहवाडी. वाटेत प्रत्येक गाव त्यातून घेतं आणि त्यातच सोडतं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं गेली. पाण्यातून येणारी कावीळही आतड्याच्याच दारानं शिरते, फक्त मुक्कामाला यकृतात जाते. यातल्या 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला फार घातक असते.

वरच्या गावांना वाटतं, आम्ही तर डोंगरातलं पाणी पितो, आम्हाला काय धोका? पहिला जोराचा पाऊस झाला की काठावरची सगळी घाण त्याच विहिरीत, त्याच झऱ्यात उतरते. नळयोजना असली तरी पाणी तास-दोन तासच येतं. पाणी बंद झालं की नळीतला दाब जातो, आणि गटारातून गेलेली फुटकी नळी बाहेरचं पाणी आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येतं. दुसरी गोष्ट टीसीएल पावडरची. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळच खाऊन टाकतो, जंतूंसाठी उरत नाही. म्हणून उन्हाळ्यात पुरणारी पावडर जून-जुलैत पुरत नाही. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि ओ.टी. टेस्ट टाकीजवळ नाही, शेवटच्या नळाला करायची. तिथं पिवळा रंग आला, म्हणजे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय, तर पाणी चाललं. आपल्या जलसुरक्षकाला विचारा, शेवटच्या नळाची टेस्ट कधी केली होती. रागावून नका विचारू; त्याला बहुतेकदा पावडरच वेळेवर मिळालेली नसते. ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालंय की हिरवं, हेही विचारा.

घरात जुलाब लागले तर? ओआरएस. विषाणूनं अस्तर कितीही कुरतडलं तरी साखर आणि मीठ मिळून आत जाण्याचं एक दार बहुधा शाबूत राहतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ओआरएस त्याच दारानं जातं. नुसत्या पाण्यानं किंवा नुसत्या गोड सरबतानं ते होत नाही. सोबत झिंकच्या गोळ्या, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. मघाशी म्हटलं ना, अस्तर भरून यायला सामान लागतं. झिंक हे त्यातलं सामान आहे. बरेच जण तिसऱ्या दिवशी थांबवतात आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात. प्रतिजैविकं मात्र आपल्या मनानं देऊ नका. साध्या पाण्यासारख्या जुलाबात त्यांचा उपयोग नसतो, आणि आवेच्या बाहेरच्या पदरातले उपयोगी जिवाणू मरतात ते वेगळंच. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

इथं आम्ही थांबलो आणि प्रश्न घेतले. त्यातले दोन लिहून ठेवतो.

एका तरुणानं विचारलं, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी घ्याव्यात का? आम्ही म्हटलं, आतड्याची राखण बहुतेक वेळा कमी पडत नाही, ती कामाखाली दबलेली असते. डब्यावर हजार रुपये घालण्यापेक्षा पाणी उकळायच्या गॅसवर घाला. ताक प्या, चांगलंच आहे, पण ताकानं घाण पाणी चांगलं होत नाही.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका ताईंचा. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलासा की दुधात त्या जंतूंच्या विरुद्ध असतंय. मग डोसाच्या आधी पाजलं तर डोसातला विषाणूबी मरंल की! आमच्या सासूबाई अर्धा तास पाजू देत न्हाईत."

ताईंनी जे विचारलं ते शास्त्रज्ञांनाही सुचलं होतं. डोसाच्या आधी-नंतर काही वेळ पाजणं थांबवून बघायच्या चाचण्या दिल्लीत झाल्या, दक्षिण आफ्रिकेत झाल्या, पाकिस्तानात झाल्या. थांबवून लशीचा फायदा वाढला नाही. म्हणून ताई, बाळ मागेल तेव्हा पाजा, डोसाच्या आधीही आणि नंतरही. सासूबाईंना आमचं नाव सांगा. आणि चौदाव्या आठवड्याचा डोस चुकवू नका, पाऊस असला तरी.